कुंपणापाशी बांधलेला बोकड

"माझंच दूध परत का?"

दिगंबर सबनीसने तांब्या हसनबाबांच्या पुढ्यात आदळला. टेकडी तो रागात चढून आला होता. वहाणा काढायच्या राहून गेल्या होत्या.

बाबांनी वहाणांकडे पाहिलं.

चिंचेखाली एक खोली, पुढे दगडी ओटा, एवढीच त्या फकिराची जागा. पोट बिघडल्यापासून बाबा फक्त शेळीचं दूध घेत. ते शेवंता घाडगे रोज सकाळी गावातून आणी. बाबा तांब्या रिकामा करीत आणि म्हणत, "अल्ला तुला राखो."

दिगंबर शेवंताच्या कितीतरी आधीपासून टेकडी चढत होता. ओटा त्याने बांधून दिला होता. चार गावांत बाबांचं नाव त्याने नेलं होतं. स्वतःच्या नावापुढे दोन पदव्या होत्या. त्याला मात्र बाबा इतक्या वर्षांत कधी "अल्ला तुला राखो" म्हणाले नव्हते.

शेवंता त्याची शेजारीण. मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. तिची शेळी कुठल्याच जातीची नव्हती. कान एक उभा, एक पडका.

म्हणून दिगंबरने शेळी घेतली.

ती खरेदी त्याने ज्या कसोशीने केली, तितक्या कसोशीने आपल्याकडे पूलसुद्धा बांधत नाहीत. तो थेट संगमनेरला गेला. दात पाहिले, सड दाबून पाहिले. बाजारात कास फुगलेली दिसावी म्हणून दूध तुंबवून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने संध्याकाळी शेळी पूर्ण पिळायला लावली, विकणाऱ्याच्याच ओसरीवर मुक्काम केला आणि सकाळी स्वतःच्या डोळ्यांदेखत पुन्हा धार काढायला लावली. मग पैसे मोजले.

सोबत बोकडही आणला. शेळी फळवायला उद्या कुणाच्या दारी जायला नको.

बोकड मस्तीला आलेला होता. असा बोकड स्वतःच्याच दाढीवर मुततो, आणि त्याचा दर्प गल्लीच्या तोंडाशी भेटतो. दिगंबरने तो शेवंताच्या कुंपणाला बांधला. शेवंता एकदा येऊन सांगून गेली की, दादा, बोकड जरा लांब बांधा, दुधाला वास लागतो. दिगंबरने ते बायकोला सांगितलं आणि वर म्हणाला, आपली शेळी बघून जळते.

शेवंता पुन्हा आली नाही. तिने आपली शेळी अंगणाच्या पार पलीकडे, लिंबाखाली नेऊन बांधली.

आता सलग आठवडाभर दिगंबरचा तांब्या भरलेलाच परत येत होता. बाबा फडकं उचलत, पुन्हा झाकत आणि तांब्या त्याच्याकडे सरकवत. आज त्याने ठरवलं होतं, सोक्षमोक्ष लावायचा. एक तर शेवंता टेकडी चढेल, नाही तर तो.

"माझी शेळी रोगट आहे का, बाबा? डॉक्टरला दाखवलीय मी."

"शेळी चांगली आहे."

"भांडं अस्वच्छ आहे?"

"नाही."

"मग तिच्या दुधात असं काय आहे?"

बाबा उठले. शेवंताचा तांब्या कोनाड्यात होता, अजून अर्धा भरलेला. त्यांनी तो आणून दिगंबरच्या तांब्याशेजारी ठेवला.

"डोळे मीट."

दिगंबरने मिटले.

बाबांनी एक तांब्या त्याच्या नाकाशी धरला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"सांग, तुझं कुठलं?"

दिगंबरने बराच वेळ हुंगलं... आणि त्याचा चेहरा उजळला. हाच तर पुरावा.

"दोन्ही सारखीच आहेत, बाबा. तसूभर फरक नाही."

"मग मी तिचं प्यालो काय, नि तुझं प्यालो काय?"

दिगंबरने डोळे उघडले.

खाली गावात कुणाची तरी गिरणी सुरू झाली.

"घरी पितात हे दूध?" बाबांनी विचारलं.

"चहात घेतात."

"चहात आणखी काय घालता?"

"आलं." दिगंबर थांबला. "बायको हल्ली जरा जास्तच घालते."

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. सदऱ्याची बाही नाकाशी नेली आणि मान बाजूला वळवली. त्यात नाटक नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

दिगंबरने तीच बाही आपल्या नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

त्याला कसलाच वास आला नाही.

तो उठला, वहाणा ओट्याखाली काढून आला आणि पहिल्यापेक्षा जरा लांब बसला.

"धार कुठे काढतोस?"

"कुंपणापाशी."

"बोकडाशेजारी?"

"... हो."

"एवढं अंगण आहे तुझं."

दिगंबर ओट्याच्या दगडावर नख घासत राहिला. तो दगड त्यानेच निवडून आणला होता.

"तिथून दिसतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिचा तांब्या कुठवर भरतो ते."

बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. शेवंताचा तांब्या उचलून त्यांनी राहिलेलं दूध पिऊन टाकलं आणि ओठ पुसले.

"आता काय करू, बाबा? बोकड विकून टाकू?"

"कशाला? त्या मुक्या जनावराने काय केलं?"

"मग?"

"उद्या तुझी शेळी सोड. शेवंताच्या अंगणात ने. तिला विचार, आणि तिथे लिंबाखाली बसून धार काढ. ते दूध मी पिईन."

दिगंबरचा चेहरा पडला. बाबा आपलं दूध पिणार हे त्याने ऐकलं होतं. पण त्याला दिसत होतं ते वेगळंच. गल्लीतून शेळी ओढत नेणारा तो, आणि दारादारांत उभे असलेले लोक.

"तिच्या अंगणात काढलेलं दूध..." तो पुटपुटला. "लोक म्हणतील, बाबा अजून शेवंताचंच दूध पितात."

बाबांनी रिकामा तांब्या ओट्यावर पालथा घातला.

"दूध शेळीचं असतं रे, दिगंबर."