आधी पाद्य, मग पाणी

दुसऱ्याचे दुःख संपले तर ज्याचे पुण्य उपाशी मरेल, त्याने स्वतःला सेवक म्हणवू नये. तो दुःखाच्या उशाशी बसून दुःखाचीच शुश्रूषा करीत असतो, दुःखिताची नव्हे. हे कोणाला उद्देशून आहे ते सांगणार नाही. ज्याला झोंबेल त्याने पुढची कथा अवश्य ऐकावी.

त्रेतायुगाच्या प्रथम चरणात, विंध्याच्या दक्षिणेस, कर्कश नावाच्या असुराने जलाधिपती वरुणाशी बारा दिवस घोर युद्ध केले. पाशबद्ध होऊन कोसळताना त्या पर्वतप्राय दैत्याने सूड म्हणून आपला देह त्रिकंटक पर्वताच्या दक्षिण मुखावर लोटून दिला आणि तो तेथेच शिळा होऊन पडला. त्या मुखातून पयस्रवा नावाची निर्झरिणी खालच्या मैदानात उतरत असे. ती अडली, वळली आणि उत्तरेच्या निर्मनुष्य कड्यावरून व्यर्थ कोसळू लागली. असुर मेला म्हणून देवांनी दुंदुभी वाजवल्या, पुष्पवृष्टी केली आणि ते स्वर्गात परतले. शिळा कोणी हलवली नाही. ती केवळ वरुणाच्या वचनाने हलणार होती, आणि देव मागितल्यावाचून काही देत नाहीत.

मैदान करपले. तेथील माणसे पाण्यासाठी रोज अर्ध्या योजनाचा काटेरी चढ चढून पयस्रवेच्या उगमाशी येऊ लागली. तेथे वेदवेदांगपारंगत ऋतव्रत ऋषींचा आश्रम होता. रक्ताळलेल्या पायांची ती रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा ऋतव्रतांनी हातातल्या समिधा खाली ठेवल्या. नारायण अनवाणी दारात आला असताना डोळे मिटून कोणाचे ध्यान करायचे, असे त्यांनी शिष्यांना विचारले आणि त्याच दिवशी बारा वर्षांच्या सेवाव्रताचा संकल्प सोडला. त्या दिवशीचे त्यांचे अश्रू खरे होते. म्हणूनच पुढचे सांगताना जीभ कडू होते.

सेवा यथाशास्त्र चाले. आलेल्याला दर्भासनावर बसवून प्रथम पाद्य, म्हणजे पाय धुणे. मग ओंजळीत फुले-अक्षतांसह अर्घ्य. मग आचमनाचे पाणी. आणि सर्वांच्या शेवटी त्याचे मडके भरून देणे. अतिथीने स्वतः झऱ्याला हात लावणे हा यजमानाचा अधर्म, म्हणून झऱ्याभोवती कुंपण होते. ऋषी मान खाली घालून प्रत्येकाच्या तळव्यातला काटा काढीत आणि मंत्र म्हणत जखम धूत. तहानेने ओठ फुटलेली माणसे आपल्या पायांवरून ओघळणारे पाणी मातीत जिरताना बघत बसत.

त्या रांगेत कुंभी नावाची कुंभारीण बारा वर्षे रोज येत होती. पाणी अडले त्या वर्षी भाजलेली साठ मडकी तिने अंगणात उपडी रचून ठेवली होती. गावकरी चेष्टा करीत, की कुंभी, ती फोड आणि पोरांना खेळायला खापऱ्या तरी दे. ती म्हणे, पाणी दारात येईल तेव्हा काय पदरात भराल? तिचा नवरा शलाक आता अंथरुणाला खिळला होता. त्याला दिवसाला एक मडके पुरत नव्हते, आणि एका फेरीत कुंभीला एकच मडके आणता येई. दुसऱ्या फेरीचे बळ तिच्या पायांत उरले नव्हते.

व्रताची सांगता होण्याच्या आदल्या दिवशी, उद्या मध्यान्ही साक्षात वरुण येऊन वर देणार अशी वार्ता आश्रमात पसरली. पाद्य चालू असतानाच कुंभीने पाय मागे घेतला. असे आजवर कोणी केले नव्हते.

"भगवन्, उद्या देवाला शिळा बाजूला करायला सांगा."

"माते, सेवकाने फळ मागू नये," ऋषी म्हणाले.

"फळ नका मागू. पाणी मागा."

ऋतव्रतांनी तिचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "उद्या मी योग्य तेच मागेन." कुंभीला तो होकार वाटला. त्या दिवशी घरी जाऊन तिने साठही मडकी सुलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही पाशधर, मकरवाहन वरुणदेव त्रिकंटकावर प्रकटले. त्यांच्या नुसत्या आगमनाने कर्कशाच्या शिळेला केसाएवढी भेग पडली आणि तिच्यातून एक ओली रेघ दक्षिणेकडे उतरू लागली. रांगेतली माणसे ती रेघ बघत उभी राहिली.

"ऋतव्रता," देव म्हणाले, "तुझ्या सेवेने माझे आसन डळमळले. इच्छा असेल ते माग."

शिळा हा शब्द ऋषींच्या ओठांवर आला होता. पण त्याच क्षणी त्यांना उद्याचे अंगण दिसले: रिकामे दर्भासन, कोरडा कमंडलू आणि दारात कोणीही नाही. आपल्यावाचून ज्याचे अडणार नाही अशा जगात आपण कोण, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी डोळे मिटले.

"देवाधिदेवा, मला स्वर्ग नको, मोक्ष नको. माझ्या दारी सेवेला कोणी आर्त नाही, असा एकही दिवस उगवू नये, एवढेच दे."

शिष्य गहिवरले. वरुणांनी मात्र तथास्तु म्हटले नाही. "तुझ्या शब्दाला दोन काठ आहेत," ते म्हणाले. "दुसऱ्या काठावर कोण उभे आहे ते पाहा आणि पुन्हा माग."

ऋतव्रतांनी पाहिले नाही. त्यांनी तेच वाक्य तीन वेळा उच्चारले, आणि वर मागताना बोललेले त्रिवार वचन देवालाही मोडता येत नाही. वरुण तथास्तु म्हणाले आणि मान फिरवून अंतर्धान पावले. शिळेची भेग मिटली. ओली रेघ उन्हात वाळून गेली. आकाशातून ऋषींच्या मस्तकावर फुले पडली.

दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली. कुंभीने चार जणांकडून शलाकाला फांद्यांच्या डोलीतून वर आणले, कारण इतक्या आजारी माणसाला तरी आधी पाणी मिळेल अशी तिची समजूत होती. ऋषींनी त्याला अत्यंत आदराने दर्भासनावर टेकवून बसवले. मग त्यांनी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि मंत्र म्हणत धुतला. नंतर डावा. डावा पाय धुऊन होण्यापूर्वीच शलाकाची मान कलंडली. ऋषींची मान खाली होती. त्यांनी पाय पुसला, ओंजळीत देण्यासाठी अर्घ्यपात्र पुढे केले आणि ओंजळ का पुढे येत नाही म्हणून वाट पाहत राहिले.

कुंभीने तप केले नव्हते. बारा वर्षे चढलेला डोंगर एवढेच तिचे तप. पण तिचे शब्द ऐकून अरण्यातले पक्षी थांबले असे सांगतात.

"तुम्हांला पायच हवे होते," ती म्हणाली. "तर यापुढे पायच दिसोत. समोरच्याचा चेहरा तुम्हांला कधीही न दिसो. दुसऱ्याच्या दुःखाला जे जे आपली साधना म्हणतील, त्या सगळ्यांची मान अशीच खाली राहो. आणि लोक तिला नम्रता म्हणोत."

वरही खरा ठरला आणि शापही. त्रिकंटकावरची शिळा अद्याप हललेली नाही. सेवेने सिद्ध झालेल्या थोर पुरुषांच्या दारापुढची रांग युगे लोटली तरी संपत नाही, तिची लांबी हीच त्यांची कीर्ती ठरते, आणि त्यांच्या खाली झुकलेल्या मानेला लोक अजून हात जोडतात.

कुंभी मडके न भरताच डोलीमागून डोंगर उतरून गेली. रिकाम्या आसनावर रांगेतला पुढचा म्हातारा येऊन बसला. ऋतव्रतांनी त्याचे पाय मांडीवर घेतले, हा नवा अतिथी कोण म्हणून धन्यतेने विचारले आणि कमंडलू तिरका केला. म्हातारा त्या पाण्याकडे बघत राहिला.

"पाय कालचेच आहेत, महाराज," तो म्हणाला. "तहान तेवढी आजची आहे."