डागाला घाबरलेलं पान

बोरू, शाई आणि कागद आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. यमुताई नावाच्या चित्रकार रोज बाजारात बसून चित्रांच्या वहीचं एक पान भरत. बोरूतून कधी शाईचा थेंब गळे. यमुताई त्या डागाला शिंगं काढत, त्याची म्हैस करत आणि पुढे जात.

वहीचं शेवटचं पान हे बघून धास्तावलं. ते पांढऱ्या मेणखडूला म्हणालं, “खडूभाऊ, मला डाग नकोत. अंगाला मेण फासता का?”

“फासतो की,” खडू म्हणाला. “पण मग चित्रही बसायचं नाही.”

“ते नंतर बघू.”

खडूने पान नीट घोटून काढलं. पुढे त्या पानाची पाळी आली. यमुताईंनी बोरू टेकवला, तर शाई गोळा होऊन घरंगळली. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. मग त्यांनी पान फाडलं आणि त्यात भाकरी-ठेचा बांधला.

वहीतल्या म्हशी बघायला लोक गर्दी करत. यमुताई मात्र रोज जेवण झाल्यावर ते पान फडक्याने पुसत आणि म्हणत, “काय गुणी पान आहे! तेलाचासुद्धा डाग धरत नाही.”