म्हाकूच्या डोक्यावरचं ढेकूळ

हे मला सांगायला लावू नका, असं मी मास्तरला तीनदा बजावलं होतं. पण यात्रेला आलेला पाहुणा माळावर चढतो, दगड बघतो, फोटो काढतो आणि खाली येऊन मलाच विचारतो, "आजोबा, हे काय आहे?" दर साली घसा माझाच सुकतो. म्हणून या खेपेला लिहूनच देतो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्ध-अशुद्ध मास्तरनं बघावं, मजकुराला हात लावू नये.

तर हुलगेवाडीच्या वरच्या अंगाला उघडा माळ आहे. त्याच्या कडेला पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा आहे. दगडाच्या माथ्यावर मातीचं ढेकूळ, ढेकळावर गवत. चैत्रात सगळा माळ करपतो, पण ते गवत हिरवंच राहतं, आणि दगडाच्या बुडातून पाणी झिरपत असतं. पाहुणे त्याला दगड म्हणतात. आम्ही म्हाकू म्हणतो. आमच्याच भावकीतला, मेंढरं राखणारा.

असं सांगतात की त्या काळी हा माळ थेट कंपनी सरकारच्या ताब्यात होता. मोठ्या सरकारला एवढ्या लांबचा माळ सांभाळायचा कंटाळा आला, तेव्हा तो खालच्या संस्थानाला देऊन टाकायचं ठरलं. माळावर राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

द्यायची-घ्यायची रीत मात्र होती. त्या जमिनीवरच्या एका माणसानं गवतासकट ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि सगळी शीव चालून यायचं. मग देणाऱ्यानं म्हणायचं, "दिलं." घेणाऱ्यानं म्हणायचं, "घेतलं." त्यानंतरच ढेकूळ खाली ठेवायचं. ते डोक्यावर असेतो जमीन कुणाचीच नाही. तोवर कुणी शीव ओलांडायची नाही, जनावरानं झऱ्याला तोंड लावायचं नाही. आणि मधेच ढेकूळ टाकलं, तर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवत नाही, अशी शपथ.

म्हाकूची दोनशे मेंढरं माळावरच होती. "सकाळचं काम आहे, न्याहारीला घरी जाशील," असं सांगून त्याच्या डोक्यावर ढेकूळ दिलं. तो शीव चालून आला. कंपनीचा साहेब घोड्यावरूनच "दिलं" म्हणाला आणि घोडा वळवून निघूनही गेला. त्याला रीत अर्धीच कळली होती. आपण दिलं म्हणजे झालं, असं त्याला वाटलं.

इकडं संस्थानचे कारभारी आबाजीपंत कागद वाचत होते. वाचता वाचता थांबले. कागदात माळ होता, झाडं होती, धोंडेसुद्धा होते. झरा नव्हता.

"झऱ्याशिवाय माळ नेऊन महाराजांना काय दाखवू? धुरळा?" पंत म्हणाले. "पुण्याला पत्र जाईल. उत्तर येईतो मी घेतलं म्हणणार नाही."

"आणि मी?" म्हाकूनं विचारलं.

"तू उभा राहा."

पंत लिंबाखाली पान लावत बसले. कंपनीचे शिपाई म्हणत, माळ आता आमचा नाही. संस्थानचे म्हणत, अजून आमचा नाही. मेंढरं अडवायला मात्र दोघंही पुढे. झरा चाळीस पावलांवर वाहत होता आणि मेंढरं त्याच्याकडं तोंड करून उभी होती.

म्हाकूची बायको भागाई शिवेबाहेर. काठीच्या टोकाला भाकरी बांधून ती त्याच्या तोंडापाशी धरी. तिसऱ्या दिवशी ती भडकली.

"टाक की मेल्या ते ढेकूळ! काय पंताला जावई करून घ्यायचाय?"

"टाकलं तर पुढच्या साली मेंढरं काय खातील?"

"आणि ह्या साली पितील काय?"

म्हाकूला नुसती मान हलवायचीही सोय नव्हती.

पुण्याहून काही आलं नाही. पाचव्या दिवशी कोकरं पडायला लागली. सातव्या दिवशी कळप म्हाकूभोवती येऊन दाटला. त्याच्या डोक्यावरचं ढेकूळ तोवर उन्हानं तडकलं होतं. त्या तडकलेल्या ढेकळातून पाणी सुटलं म्हणे. आधी कपाळावर थेंब आला, मग छातीवरून ओघळ, मग पायाशी डबकं. मेंढरं प्याली. पडलेली कोकरंही उठली.

पंत लिंबाखालून धावत आले. "पाणी माळातच निघालं की! घेतलं, घेतलं!" घाईत दोनदा म्हणाले. "ठेव रे आता खाली."

म्हाकू हलला नाही. भागाई शीव ओलांडून आली, त्याच्या गुडघ्याला हात लावला, तर हाताला दगड लागला. छाती दगड, खांदे दगड. डोळे तेवढे ओले होते, असं सांगतात. शिपायांनी ढेकूळ उतरवायला जोर लावला, पण गवताची मुळं खाली दगडात गेली होती.

म्हणजे माळ दिला गेला, घेतलाही गेला, पण उतरला नाही. एका कचेरीत गेलं की आजही सांगतात, त्या कचेरीत जा. तिथं गेलं की म्हणतात, इथला नाही. आम्ही मधे.

आमच्या वाडीत आजही पाण्याचा तांब्या असो की म्हशीचं दावं, समोरचा "घेतलं" म्हणेपर्यंत देणारा हात सोडत नाही. पाहुण्यांनी हसू नये.

आणि यात्रेच्या दिवशी आजही म्हाकूच्या भावकीतला एक जण दगडाशेजारी ढेकूळ घेऊन उभा राहतो. बावीस वर्षं ते माझ्याकडं आहे. गेल्या साली पुजारी "दिलं" म्हणाला, आणि "घेतलं" म्हणायचा मान ज्याचा, तो सरपंच मोबाईल कानाला लावून पाहुण्यांची गाडी बघायला निघून गेला. ऊन डोक्यावर येईतो मी उभा. त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही, आणि मला ठेवता येत नाही. लोक फोटो काढत होते. पोटऱ्यांतून काहीतरी गार वर चढत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी तो आला आणि घाईत म्हणाला, "घेतलं, घेतलं." दोनदा.

माफीचा शब्द अजून काढलेला नाही. नाव लिहून ठेवतो, मास्तरनं खोडू नये: सरपंच दिगंबर रामभाऊ पिसे.