विळा हसला त्याची गोष्ट

अवजारं एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. भागूकाकींच्या पडवीत गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आणि एक म्हातारा विळा शेजारी शेजारी राहत. एके दिवशी गावात दवंडी पिटली, धूर सोडणारी यंत्रं बंद!

"काय रे धुराड्या, बस आता कोपऱ्यात!" विळा खदखदून हसला.

सकाळी काकींनी विळा घेतला. वणवे लागायच्या आत काजूच्या झाडांखालचं वाळलं गवत काढायलाच हवं होतं. पण पहिल्याच झाडापाशी बसताना त्या कळवळल्या. दुपारपर्यंत तीन झाडं झाली, तेव्हा त्यांना उठताच येईना. चौथ्या झाडाकडे त्या बसूनच सरकल्या. अजून सदतीस झाडं उरली होती.

संध्याकाळी यंत्रानं हळूच विचारलं, "विळेदादा, काकींचे गुडघे कसे आहेत हो? मी असताना त्यांचं सगळं उभ्यानंच व्हायचं."

विळ्याला मान वर करवेना. यंत्र येण्याआधी तीस वर्षं तो त्यांच्या हातात होता, आणि गुडघे त्यानं आजच पाहिले होते.

"सुजलेत," एवढंच तो कसंबसं म्हणाला.