गोड जिभेचा वसा

ऐका बायांनो, गोड बोलून कुणी कुणाला घराबाहेर काढतं का गं?

आटपाट गाव होतं. गावात प्रभूचं दगडी देऊळ होतं. शेजारी हन्नाबाईंचं घर. घरात दोन सुना, थोरली राहेल, धाकटी कृपा. कृपाचा नवरा वारलेला, आईबाप नाहीत, परगावी एक भाऊ तेवढा. सासूचं बोलणं लागलं की राहेलच तिला पाठीशी घाली.

मग उपासाचे चाळीस दिवस आले. राहेलीनं वसा घेतला, "कुणाला कडू बोलणार नाही, कुणाचं उणं काढणार नाही." गावानं नावाजलं, "सून असावी तर अशी, तोंडात खडीसाखर!" राहेल सुखावली.

एके दिवशी हन्नाबाई देवळातल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं वस्त्र इस्त्री करीत होत्या. शेजारणीशी बोलायला उठल्या, निखाऱ्यांची इस्त्री तशीच राहिली. वस्त्र जळलं. राहेलीनं दारातून पाहिलं. मग देवळात उपासना चालवणाऱ्या पाळकबाई वस्त्र न्यायला आल्या. हन्नाबाई म्हणाल्या, "धाकटीचे प्रताप! चूल पेटवायला सांगितली तर विझवील, वस्त्र दिलं तर पेटवील! देवाचं वस्त्र जाळणारी माझ्या घरात नको."

कृपा म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही."

पाळकबाईंनी विचारलं, "राहेल, तू काय पाहिलंस?"

"बाई, मी कुणाचं उणं काढीत नाही. माझा वसा आहे."

मग कृपानं विहिरीवर विचारलं, "जाऊबाई, खरं सांगाल ना?" राहेल गोड हसली. चुलीपाशी विचारलं, राहेलीनं तिला जास्तीची भाकर वाढली. तिसऱ्यांदा उंबऱ्यात विचारलं, काखेत बोचकं होतं. राहेल म्हणाली, "देव तुझं भलं करो." कृपा भावाच्या गावी चालू लागली.

दोन दिवसांनी एक म्हातारी दाराशी आली. पाणी प्याली. म्हणाली, "तुमच्या घरची पोर वाटेत रडत होती. काय गं बोललीस तिला?"

"मी? एक वावगा शब्द नाही बोलले, आजी."

"तेच गं बाई. प्रभूनं मुक्यांना वाचा दिली. तू वाचा असून मुकी झालीस, नि त्याला सौम्यपणा म्हणालीस. प्रीती सोसते खरी, पण स्वतःचं सोसते. दुसरीचे हाल बघत बसत नाही."

म्हातारी गेली. राहेलीला रडू फुटलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती उभी राहिली. "वस्त्र सासूबाईंच्या हातून जळलं. मी पाहिलं होतं. मी माझं नाव राखलं नि पोरीला घालवलं." हन्नाबाईंनी मान फिरवली. कुणी आमेन म्हटलं नाही.

बायांनो, राहेलीची जीभ उशिरा उघडली, तुमची आमची वेळेवर उघडो. ज्याच्यावर आळ, त्याच्या बाजूला उभं राहायचं बळ प्रभू देवो. मोठी कहाणी थोड्या बोलांत सांगितली, ती तुमच्या घरी सुफळ होवो. राहेलीची झाली नाही.

प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राहेल कृपाच्या भावाच्या दारी पोचली. भाऊ म्हणाला, "आम्ही तिला ठेवून घेतलं नाही. काल गेली. कुठं, ते सांगितलं नाही."