साहेबांचे शुभेच्छुक

कर्करोग संशोधनाच्या निधीची फाईल आरोग्यमंत्री टेकाळेसाहेबांकडे दोन वर्षं पडून होती. मागणीचा फलक कुठेही लावा, पालिका तासाभरात उतरवायची. मग फ्लेक्स छापणाऱ्या सुनंदा खैरमोडेबाईंनी विधानभवनासमोर, साहेबांच्या दालनाच्या खिडकीसमोरच, त्यांच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लावला. खाली शुभेच्छुक म्हणून कर्करोग वॉर्डातले चाळीस हसरे चेहरे. आता साहेबांच्या फोटोला हात लावायची कुणाची छाती होईना.

दुसऱ्या दिवसापासून एकेक चेहरा नाहीसा होऊ लागला. उरायचं फक्त चौकोनी भोक, आणि त्यातून वारा घुमायचा. अकरावं भोक पडलं तशी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, माझा फ्लेक्स कोण कापतंय?"

"मीच, साहेब. गेलेल्या माणसाच्या शुभेच्छा कशा ठेवायच्या?"

"मग भोकं बुजवा, नवे चेहरे लावा!"

"लावते की, वॉर्डात रांग आहे. पण सही लवकर करा. खालच्या ओळीत डावीकडून तिसरी मीच आहे. मी गेल्यावर भोकं कोण बुजवणार?"

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. डावीकडच्या पहिल्या दोन भोकांतून आभाळ दिसत होतं. तिसरा चेहरा हसत होता.

त्यांनी फाईल पुढे ओढली.