फुलीच्या डावीकडे

एकदा एका वृद्ध कारागिराकडे एक शिष्या काम शिकण्यासाठी आली. कारखान्यात सारे त्यांना ‘वस्ताद’ म्हणत. तांदळाच्या कणीएवढे भिंग चिमट्याने उचलायचे आणि प्रकाश देणाऱ्या एका सूक्ष्म तुकड्यासमोर असे बसवायचे, की निघालेला किरण केसाहून बारीक काचतंतूत नेमका शिरावा, हे त्यांचे काम. सूक्ष्मदर्शकात किरणाचा ठिपका दिसे आणि मध्यभागी आखलेली एक फुली. ठिपका मनासारखा आला की वस्ताद गोंदाचा थेंब सोडत आणि भरलेले तबक भट्टीकडे पाठवत. भट्टी दुसऱ्या इमारतीत होती. तिथे होणारी अंतिम तपासणी शिष्येने कधी पाहिली नव्हती.

शिष्या उच्चशिक्षित होती, स्वभावाने काटेकोर. पहिल्याच दिवशी वस्तादांनी तिला सांगितले होते, “पदवी खुंटीला टांगलीस तरी चालेल, चष्मा तेवढा पुसून बस.” पण तिची मान अवघडू नये म्हणून स्टुलाची उंची त्यांनीच तीनदा बदलून दिली होती.

काही दिवसांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. वस्ताद ठिपका फुलीच्या मध्यावर आणतच नसत. तो किंचित डावीकडे असतानाच ते गोंद सोडत. तिला वाटले, वयोमानाने दृष्टी मंदावली असावी. पण ज्याने हातात चिमटा दिला, त्यालाच ‘तुमची नजर चुकते’ असे कसे म्हणावे? संकोचाने ती गप्प राहिली आणि वीस नगांची मापे तेवढी टिपून ठेवली.

त्याच सुमारास कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतले. वस्तादांच्या डोळ्यांविषयी त्यांच्या कानावर काहीबाही आले होते. खरे काय ते लिहून द्यावे, असे त्या म्हणाल्या. शिष्येने तक्ता करून दिला. वीसपैकी वीस नग फुलीबाहेर. खाली सही केली. त्या कागदात खोटे असे एक अक्षरही नव्हते.

पुढच्या आठवड्यात वस्तादांना शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्यात आला. भट्टीकडच्या तपासणीची वही कोणी मागवली नाही. जाताना आपला चिमटा त्यांनी शिष्येच्या टेबलावर ठेवला.

आता त्या जागी शिष्या बसू लागली. तिचा ठिपका फुलीच्या अगदी मध्यावर असे. तरीही भट्टीतून परतलेला प्रत्येक नग उजवीकडे सरकलेला निघे. तिने गोंद बदलून पाहिला, भट्टीचे तापमान बदलून पाहिले. तीन महिने असे गेले. अखेर ती वस्तादांच्या घरी गेली आणि खाली मान घालून सारे सांगितले.

वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “गोंद वाळताना आकसतो, पोरी. आपल्या मांडणीत उजव्या अंगाला गोंद जास्त बसतो, म्हणून भिंग तिकडे ओढलं जातं. जेवढी ओढ, तेवढं मी आधीच डावीकडे ठेवत होतो. तू मोजलंस तेव्हा गोंद ओला होता.”

“मग त्या दिवशी बाईंना का नाही सांगितलंत?”

“बाईंनी दाखवलेल्या कागदाखाली तुझी सही होती. मी तोंड उघडलं असतं, तर तुझ्या पहिल्याच अहवालाची पत गेली असती.” ते म्हणाले. “आणि नजर गेलेल्या माणसाचा ठिपका चारी दिशांना भरकटतो गं. माझा वीसही वेळा एकाच बाजूला होता, तेवढाच. ते तुझ्याच तक्त्यात होतं. मला वाटलं, आज ना उद्या तुझ्या ध्यानात येईल, तू येऊन विचारशील. भिंगाला ओढ किती, ते मी मोजलं होतं. माझी तुझ्याकडे किती आहे, ते मोजायचं राहून गेलं.”

शिष्येचे डोळे भरून आले. आपण उद्याच बाईंना खरे सांगू, तुम्ही परत या, असे ती म्हणाली. वस्तादांनी उत्तरादाखल समोरची कपबशी उचलली. चहा बशीत हिंदकळला.

“तीन महिने चिमटा धरला नाही,” ते म्हणाले. “आता हा हात ऐकत नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा कागद लिहिला, स्वतःची चूक स्पष्ट नोंदवली आणि सही करून मालकीणबाईंना दिला. त्यांनी वस्तादांना मानाने बोलावणे धाडले. वस्ताद आले नाहीत.

शिष्या सूक्ष्मदर्शकापाशी बसली आणि तिने ठिपका फुलीच्या किंचित डावीकडे आणून ठेवला. तेव्हा तिला आठवले, की या जागेवर बसण्याच्या पहिल्याच दिवशी तिने नजर लावायच्या दोन्ही नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांच्या बेताने बदलून घेतले होते. वस्तादांचे अंतर किती होते, ते तिला पुन्हा तसेच लावून ठेवायचे होते. तिने आपली सारी टिपणे चाळली. तेवढे एक माप तिने कुठेच लिहून ठेवलेले नव्हते.